इंदूरची बोली, न्यूयॉर्कचा मंच

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका विनोदी कलाकाराविषयी लिहिलेले पाहून काही गुरुजनांच्या भुवया उंचावतील. परंतु आपल्याच इंदूरच्या झाकीर खानची वाटचाल आजच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायला हवी, असे मला मनापासून वाटते.

सारंगीवादक उस्ताद मोईनुद्दीन खाँ यांचा हा नातू. घरात गाणे, स्वतःच्या हाती सतार. पण ओढा मात्र गप्पा रंगवण्याकडे. २०१२ मध्ये त्याने कॉमेडी सेंट्रल वाहिनीची स्टँडअपची, म्हणजे मंचावर एकट्याने उभे राहून विनोदी किस्से सांगण्याची, स्पर्धा जिंकली, तेव्हा मुंबई-दिल्लीतील या क्षेत्रावर इंग्रजीचा मोठा पगडा होता. झाकीर उभा राहिला तो इंदुरी वळणाच्या हिंदीत, मध्यमवर्गीय घरातल्या, मुलींशी बोलताना गांगरणाऱ्या पोराच्या गोष्टी घेऊन. २०१७ मध्ये ‘हक से सिंगल’ हा त्याचा एकपात्री कार्यक्रम आला आणि त्यातले ‘सख़्त लौंडा’ (मुलींपुढे न विरघळणारा पोरगा) हे शब्द कॉलेजच्या कट्ट्याकट्ट्यावर ऐकू येऊ लागले. मला स्वतःला २०२२ मधील ‘तथास्तु’ हा कार्यक्रम अधिक भावतो, कारण त्यात विनोदाची घाई नाही: आजोबांविषयी बोलता बोलता तो श्रोत्यांना खुशाल गप्प बसू देतो, आणि त्या शांततेनंतरचे हसू दुपटीने उसळते. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या प्रख्यात सभागृहातही तो हिंदीतच बोलला.

आमच्या वर्गातला एक मित्र इंदूरच्या सराफा बाजारातल्या भुट्ट्याचा कीस विकणाऱ्याची नक्कल अशी हुबेहूब करीत असे, की कढईवर सराटा आपटण्याचा आवाजही तो तोंडानेच काढी आणि गिऱ्हाइकाचे सुटे पैसे परत करताना मुद्दाम हिशेब चुकवी. मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती वर्ग जमत असे. स्नेहसंमेलनात मात्र त्याला कधी जागा मिळाली नाही. तिथे वक्तृत्व, नाट्यप्रवेश, समूहगान, आणि तेही पुण्याच्या मराठीत. (इंदुरी मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसत, तो विनोद वेगळा!)

स्टँडअपमधले तरुण कलाकार ‘ओपन माइक’वर, म्हणजे नवख्यांसाठी खुल्या असलेल्या मंचावर, चार-पाच मिनिटे मिळवतात, बहुधा फसतात, कुठे हशा आला ते टिपून ठेवतात आणि पुढच्या खेपेला तोच किस्सा घासूनपुसून पुन्हा सांगतात. यंदाच्या स्नेहसंमेलनात अशा पाच-पाच मिनिटांसाठी एक तास राखून ठेवावा, असे मी महोत्सव समितीला लेखी कळवले आहे. ध्वनिक्षेपकाचा खर्च माझ्याकडे.