हे पण वहीत लिहिणार का?

"पाळकसाहेब, हे पण वहीत लिहिणार का?"

आजींनी अगदी सहज विचारलं. आजोबा जाऊन नऊ दिवस झालेत. त्यांचा चष्मा अजून उशीपाशी, काड्या उघड्याच. माझा हात खिशातल्या पेनावर होता, हे मलाच तेव्हा कळलं.

मी डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री करतोय, म्हणजे चर्चच्या पाळकांसाठीची डॉक्टरेट. (पीएच.डी. नव्हे, हे घरीही अजून समजावतोय!) आधी एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) ही धर्मशास्त्राची पदवी, बहुतेक ठिकाणी 3 वर्षांची. मग काही वर्षं प्रत्यक्ष सेवा, तेव्हा कुठे प्रवेश. आणि विषय ग्रंथालयात शोधायचा नसतो. आपल्याच मंडळीतला प्रश्न घ्यायचा, त्यावर काही करून बघायचं, मग ते मांडायचं. माझा विषय शोकाकुल कुटुंबांची सोबत. कागदावर किती छान दिसतो!

संमतीचा फॉर्म असतो, नावं बदलतो, सगळं नियमात. पण आजी आज फॉर्मबद्दल विचारत नव्हत्या.

"नाही आजी," म्हटलं आणि पेन बॅगेत टाकलं. मग त्या बोलल्या. तासभर.

खरं सांगू? त्यातली दोन वाक्यं तिसऱ्या प्रकरणात चपखल बसतील. लिहिली नाहीत. पण विसरलोही नाही.

याला काय म्हणायचं?