भाटकार, भाडेकरू आणि अनुदानाचा अर्ज

गोव्यात फोंड्यातलं आमचं वकिलीचं ऑफिस म्हणजे सर, मी आणि टायपिंग सांभाळणारे काका. गेल्या वर्षी मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, एका जुन्या प्रकरणाची जाडजूड फाईल आली. मामलेदाराकडचे अर्ज, साक्षी, हस्तलिखित मराठी कागद, सगळं त्यात. एआयचं एक साधन महिनाभर फुकट वापरून बघता येत होतं, म्हणून मी त्यात कागद टाकले. तारखांचा क्रम त्याने पाच मिनिटांत लावून दिला. त्या कामात माझे दोन दिवस गेले असते.

मग इंग्रजी गोषवारा वाचताना हात थांबला. साक्षीत 'भाटकार' होता, भाषांतरात 'टेनंट'. जमिनीचा मालक भाडेकरू झाला होता! 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याखालच्या प्रकरणात असा एक शब्द फिरला की पूर्ण बाजू उलटते. सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "साधन घेऊ. पण तपासायला माणूस लागेल, आणि त्याला वेळ द्यावा लागेल."

वर्षाची वर्गणी आमच्या दोन महिन्यांच्या भाड्याइतकी होती. सरकारी अनुदान मिळतं का ते बघायला मी निघाले. छोट्या उद्योगांना तंत्रज्ञानासाठी मदत देणाऱ्या एका योजनेचा अर्ज घेतला. पहिल्याच पानावर 'उत्पादनाचे नाव', खाली 'यंत्रसामग्रीची किंमत', मग 'कामगार संख्या'. मी 'कायदेविषयक सेवा', 'लॅपटॉप, स्कॅनर' आणि 'एक' असं भरलं. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी खिडकीवरचे गृहस्थ अगदी आपुलकीने म्हणाले, "बाय, वकिली हो धंदो न्हय." ते चुकीचं बोलले नाहीत. बार कौन्सिलचे नियमही वकिलाला धंदा करू देत नाहीत. पण मग आमच्यासारख्या दोन वकिलांच्या ऑफिसने मदत मागायची कुठे, याचं उत्तर त्या कागदात कुठेच नव्हतं.

सिंगापूरने 2019 मध्येच वकिली संस्थांना तंत्रज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या खर्चात 70 टक्क्यांपर्यंत मदत देणारी योजना आणली होती. आपल्याकडे न्यायालयं डिजिटल करणाऱ्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर झाले, त्यात 53.57 कोटी एआय आणि ब्लॉकचेनसारख्या नव्या तंत्रज्ञानासाठी. हा पैसा न्यायालयांसाठी आहे, आणि तो तिथे लागलाच पाहिजे. न्यायालयांच्या अशा डिजिटल कामांतून आम्हाला अनुदानापेक्षा जास्त मिळालं, हे मात्र मी मनापासून सांगते. 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, काहींची भाषांतरंही आहेत. साधनाने दिलेला प्रत्येक निवाडा मी आता आधी तिथे उघडून बघते. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला, हे वाचल्यापासून मी ही सवय सोडलेली नाही.

अनुदान मिळालं नाही. वर्गणी आम्ही फक्त एका लॉगिनची घेतली, खर्च सरांनी उचलला. माझं मागणं मात्र कायम आहे, आणि ते लायसन्सच्या पैशांपुरतं नाही. गोव्याच्या कागदांतले शब्द ओळखणारी, जाणकारांनी तपासलेली शब्दसूची सरकारने करून द्यावी. मुंडकार, भाटकार, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), आफोरामेंत (वार्षिक खंडावर जमीन देण्याची पद्धत) हे शब्द मुंबई-दिल्लीत बनलेल्या साधनाला कळणार कसे? आणि तालुक्याच्या वकिलांना ते वापरायला कोणीतरी समोर बसून शिकवावं.

तोवर काकांनी एक वही घातली आहे. साधनाने चुकवलेला शब्द डावीकडे, खरा अर्थ उजवीकडे. पहिल्या ओळीत भाटकार आहे. परवा त्यांनी सदतिसावा शब्द लिहिला.