पबच्या माडीवरचा नोव्हेंबर

बर्मिंगहॅममध्ये एका पबच्या माडीवर आमचा फोक क्लब, म्हणजे लोकगीतं म्हणणाऱ्यांचा अड्डा, भरतो. दर आठवड्याला भरतो, पण सगळे वाट पाहतात ती नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारची. पहिलं महायुद्ध थांबलं ते ११ नोव्हेंबर १९१८ ला. त्या तारखेच्या आगेमागे इथे जो तो कोटावर लाल कागदी पॉपीचं फूल लावतो, चौकाचौकातल्या स्मारकांवर पुष्पचक्रं वाहिली जातात, बिगुल वाजतात. आमच्या माडीवर त्या आठवड्यात फक्त युद्ध नको म्हणणारी गाणी होतात. असा ठराव कुणी कधी केला नाही. पडली रीत, ती चालू राहिली.

माडी म्हणजे एक लांबट खोली, अंगावर आल्यासारखा नक्षीचा गालिचा (इंग्लंडातल्या पबांच्या गालिच्यांवर कुणीतरी एकदा स्वतंत्र लेख लिहायला हवा), आणि खालून सतत येणारा ग्लासांचा आवाज. माइक नाही, हार्मोनियम नाही, तानपुरा तर नाहीच. सूत्रधार टेबलावर दोनदा टकटक करतात, नाव पुकारतात आणि माणूस उठून डोळे मिटून सुरू करतो. सूर त्याने धरायचा, कोरस आपण उचलायचा. कोरसात निम्मे लोक आपापला वेगळा सूर लावतात आणि तो बरोबर जुळतो. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, ऐकून ऐकून येतं. मी पुण्यात गाणं शिकले ते सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं किंवा मग एकट्याने गायचं. त्यामुळे पहिल्यांदा तो कोरस अंगावर आला तेव्हा मी गायचंच विसरले.

मध्यंतरात रॅफल. तिकिटं एका जुन्या टोपीतून काढतात. बक्षिसं ठरलेली: वाईनची बाटली, बिस्किटांचा डबा, कुणाच्या तरी घरचं मार्मलेड. काही वर्षांपासून त्यात माझ्या पातळ पोह्यांच्या चिवड्याची बरणीही असते. दिवाळी तेवढ्यात झालेली असते, त्यामुळे चिवडा करायचा तर जास्तच केला जातो. वाईन सोडून आधी चिवडा उचलणारे दोघेतिघे आता तयार झाले आहेत, आणि त्यात शेंगदाणे कमी पडले तर ते बोलूनही दाखवतात.

फुलांवरून थोडं राजकारण होतं. काहींच्या कोटावर लाल पॉपी, काहींच्या पांढरी. पांढरी पॉपी १९३३ साली सहकारी चळवळीतल्या बायकांच्या गिल्डने सुरू केली. मेलेल्यांची आठवण ठेवायची, पण पुन्हा युद्ध नको हेही सांगायचं, म्हणून. आमच्यातले आयरिश लोक बहुतेक काहीच लावत नाहीत. कुणी कुणाला विचारत नाही. त्या शहरात त्या लोकांनी नोव्हेंबर कसे काढले ते सगळ्यांना माहीत आहे. २१ नोव्हेंबर १९७४ ला इथल्या दोन पबांत बॉम्ब फुटले, एकवीस माणसं गेली, ठपका आयरिश बंडखोरांवर आला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आयरिश माणूस बसमध्ये तोंड उघडायलाही कचरायचा. सेंट पॅट्रिक या आयरिश लोकांच्या संताची मिरवणूक बंद पडली ती थेट १९९६ साली पुन्हा निघाली. तेव्हा आयरिश माणसाने या शहरातल्या पबात, तेही नोव्हेंबरात, उभं राहून गाणं म्हणायचं म्हणजे नुसती हौस नव्हे.

संध्याकाळची सुरुवात बहुधा ‘आर्थर मॅकब्राइड’ने होते. एक निवृत्त बसचालक ते म्हणतात. ख्रिसमसच्या सकाळी दोन चुलतभाऊ समुद्रकाठाने फिरायला निघालेत. वाटेत भरती करणारा सार्जंट, त्याचा कॉर्पोरल आणि ढोलवाला पोरगा भेटतात. सार्जंट आमिष दाखवतो: रोख सोनं, झकास कपडे, मजेचं आयुष्य. आर्थर म्हणतो, कपडे कसले मिरवतोस, ते तुला वापरायला दिलेत, तुझे नाहीत. आणि आम्हाला फ्रान्सला धाडून गोळी खायला लावणार ते वेगळंच. सार्जंट तलवारीला हात घालतो, त्याआधीच हे दोघे काठ्यांनी त्यांची पूजा बांधतात, आणि ढोलाचा फुटबॉल करून समुद्रात भिरकावतात. ‘युद्ध वाईट असतं’ असं गाण्यात एकदाही येत नाही. आमचे बसचालक ते कमालीच्या सभ्यपणे म्हणतात, सार्जंटच्या गोड बोलण्याला तर खास मधाळ आवाज लावतात, आणि मार पडतो त्या कडव्याला माडी हसून हसून हलते.

या गाण्याचा प्रवासही मजेशीर. आयरिश गाणी गोळा करणारे पी. डब्ल्यू. जॉइस यांनी आयर्लंडातल्या लिमरिकमध्ये लहानपणी ऐकलेलं हे गाणं १९०९ साली छापलं. आज बहुतेक जण म्हणतात ते मात्र आयरिश गायक पॉल ब्रेडीचं, १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेतलं, आणि त्याला ते सापडलं अमेरिकेत, कॅरी ग्रोव्हर या नोव्हा स्कोशियात जन्मलेल्या बाईंच्या गाण्यांच्या पुस्तकात. आयर्लंडातून बोटीने गेलेलं गाणं असं पुस्तकातून घरी परतलं.

माझं गाणं ‘जॉनी, आय हार्डली न्यू या’. पण ते माझं व्हायला वेळ लागला. आमचे सूत्रधार तरुणपणी लंडनला यूअन मॅकॉल या लोकगीत गायकाच्या सिंगर्स क्लबात जायचे. १९६१ साली निघालेल्या त्या क्लबाचा दंडक होता की गाणाऱ्याने आपल्या मातीतलं, आपल्या भाषेतलंच म्हणावं. इंग्लिश पोरांनी अमेरिकन कापूसवेच्यांच्या आवाजात गायचा तेव्हा सुळसुळाट झाला होता, त्यावरचा तो उतारा. सूत्रधारांच्या मनात तो दंडक अजून मुरलेला आहे. पहिल्या नोव्हेंबरात ते मला म्हणाले, “तुझ्याकडचं म्हण.” मी आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. सगळ्यांनी मान डोलावली, पण कोरस उचलता येईना, कारण ओवीला कोरस नसतो. टाळ्या फार आदराच्या पडल्या. गाणाऱ्याला त्या ताबडतोब कळतात.

पुढे एका वर्षी मी जॉनी म्हणायचं ठरवलं. चाल मला आधीपासून जवळची वाटायची. गंधार, धैवत, निषाद कोमल, म्हणजे सरळ आसावरी थाट, आणि सहा मात्रांचा झुलता ठेका. बाई गाते आहे: आयर्लंडातल्या आथाय गावाच्या रस्त्यावर तिला तिचा नवरा भेटतो, तिला आणि लेकराला टाकून सैन्यात गेलेला. डोळे गेलेत, पाय गेलेत, हातही नाहीत. ती एकेक अवयव घेऊन विचारते, तो कुठे रे टाकलास? आता तुझ्यापुढे भीक मागायचा कटोरा ठेवावा लागेल, म्हणते. थट्टा करते, चिडते, आणि मधेच सांगते की तू घरी आलास याचा आनंदच आहे. आमच्याकडे कोरसाला सगळे बोटांनी टेबलावर हलका ढोल वाजवतात.

मी म्हटलं आणि मध्यंतरात दंडकाचा विषय निघालाच. एक गृहस्थ म्हणाले, आवाज छान आहे, पण हे गाणं तिचं कसं? तेव्हा आमच्यातल्या आयर्लंडातल्या किल्डेअर परगण्याच्या बाई उठल्या. या निवृत्त नर्स, तरुणपणी बोटीने इकडे आलेल्या. आथाय त्यांच्याच परगण्यात. त्यांनी पर्समधून आजोबांचा टोपीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. पेटता हातगोळा, आणि त्यावर वाघ आणि हत्ती! आयर्लंडात वाघ-हत्ती कुठून आले? आजोबा होते रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्समध्ये. ही पलटण १८८१ साली दोन पलटणी एकत्र करून झाली: एक मद्रासची आणि दुसरी बॉम्बे फ्युजिलिअर्स, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईची गोऱ्यांची पलटण. पलटणीच्या सन्मानांच्या यादीत अर्काट, प्लासी आहेत, आणि ‘किर्की’ही आहे.

किर्की म्हणजे खडकी. ५ नोव्हेंबर १८१७, दुसऱ्या बाजीरावाची फौज, बापू गोखले. माझा जन्म खडकीचा. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यात होते, घर चालायचं ते काडतुसांवर. कारखाना १८६९ चा. त्याचा भोंगा झाला की आई कुकर चढवायची.

बाई सूत्रधारांकडे वळून म्हणाल्या, “माझ्या आजोबांची पलटण हिच्या गावात लढून आली. आता हिचं गाणं कुठलं ते तू ठरव.” सूत्रधार बिल्ल्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, “पुढच्या वर्षी थोडं हळू घे. पळतेस तू.” परवानगी मिळाली ती अशी.

त्या आजोबांबद्दल बाई पुढे थोडं थोडं सांगत गेल्या. युद्धातून ते परतले ते वेगळ्याच आयर्लंडात. इंग्रजांच्या वर्दीत लढलेल्यांची कुणाला कौतुकं नव्हती. १९२२ साली पलटणच मोडली, विंडसरला निशाणं राजाच्या स्वाधीन केली. पदकं खणात गेली, आणि घरात विषय निघाला की आजी उठून चहा ठेवायला जायची. बाईंना तो बिल्ला मिळाला तो आई गेल्यावर, शिवणाच्या डब्यात, बटणांखाली.

गाण्याबद्दल मात्र आमच्या क्लबात एक मिठाचा खडा आहे, तो दर वर्षी कुणीतरी टाकतोच. सगळे समजतात की जॉनी हे फार जुनं लोकगीत, सिलोनच्या लढायांच्या काळातलं, कारण त्यात त्या बेटाचं नाव आहे. प्रत्यक्षात ते १८६७ साली लंडनमध्ये छापलं गेलं आणि त्यावर नाव आहे जोसेफ गेगन याचं. हा लँकेशायरमधला, म्युझिक हॉलसाठी हसवणारी गाणी लिहिणारा. त्याच्या चार वर्षं आधी, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, गॉलवेकडच्या पॅट्रिक गिल्मोर या बँडमास्तराने याच चालीवर जॉनी विजयी होऊन घरी येतोय असं जोशपूर्ण गाणं काढलं होतं. म्हणजे जोशाचं गाणं आधी आणि जखमी जॉनी नंतर, तोही लोकांना हसवायला! हे सांगणाऱ्याचा चेहरा चोर पकडल्यासारखा असतो. मला त्याचं काही वाटत नाही. हसायला आलेल्या लोकांसमोर हातपाय नसलेला सैनिक उभा करणारा तो गेगन मला उलट फार धीट वाटतो. पुढे १९६० च्या दशकात लोकांनी ते गंभीरपणे, संथ गायला घेतलं, त्यातलं हसू गळालं. मी ते परत आणायचा प्रयत्न करते. बाई नवऱ्याला टोमणे मारते आहे, आणि टोमणा रडक्या सुरात मारता येत नाही.

२०२० साली ही संध्याकाळ पडद्यावर झाली. कोरस एकत्र म्हणता येईना, आवाज मागेपुढे होत, म्हणून गाणारा सोडून सगळ्यांनी आवाज बंद ठेवायचे आणि आपापल्या स्वयंपाकघरात म्हणायचं असं ठरलं. बसचालकांच्या मागे त्यांची बायको भांडी घासत होती, आणि ढोल समुद्रात पडतो त्या कडव्याला तिने पातेलं वाजवलेलं दिसलं, ऐकू आलं नाही.

आता पुन्हा माडी आहे. तक्रार एकाच कडव्याची उरली आहे. गेगनच्या मूळ गाण्याचा शेवट असा, की असा मोडका आलास तरी तुझी पेगी तुला सोडणार नाही. विसाव्या शतकात कुणीतरी त्याजागी दुसरं कडवं घातलं: बंदुका पुन्हा निघाल्या आहेत, पण आमची पोरं आम्ही देणार नाही. क्लबातल्या बहुतेकांना हेच हवं असतं, पांढऱ्या पॉपीवाल्यांना तर नक्कीच. मी पेगीवर थांबते. मी थांबले की खिडकीजवळचे एक गृहस्थ, न विचारता, दुसरं कडवं म्हणून टाकतात, किल्डेअरच्या बाई त्यांना मोठ्याने गप्प बसायला सांगतात, आणि तोवर कोरस कुणीतरी उचललेला असतो.