गुंजभर सोनं

गुरुपुष्यामृताला लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नसते, तरी आई दरवर्षी सोन्याचं वळं घ्यायला जातेच. काटा ग्रॅममध्ये बोलतो, आई अजून ‘गुंजभर द्या’ म्हणते. यंदा सोबत दहावीतली भाची होती. सोमवारी आवर्त सारणीची, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्याची चाचणी, म्हणून सराफाच्या बाकावर बसूनही तिचं घोकणं चालूच.

“आवर्तात डावीकडून उजवीकडे अणूचा आकार कमी होतो...”

“भर पडत जाते ना गं? मग कमी कसा?” आईने विचारलं.

शंका रास्तच. लिथिअमची अणुत्रिज्या १५२ पिकोमीटर. त्याच आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, एकेक इलेक्ट्रॉन वाढवत ऑक्सिजनपर्यंत आलं, की उरते ६६. भाची म्हणाली, “नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात बसतो, पण केंद्रकात प्रोटॉन वाढतो. मग ओढ वाढते.”

“म्हणजे माणसं वाढली तरी वचक वाढला, की सगळी आवरून बसतात,” आई म्हणाली. तिच्या सासरी तेरा माणसं होती.

गणात, म्हणजे उभ्या रकान्यात, खाली उतरलं की मात्र दर ओळीला नवं कवच, म्हणून आकार वाढतो. मी सहज मोबाइलवर सोन्याच्याच गणातलं तांबं पाहिलं : १२८. त्याखाली चांदी : १४४. त्याखाली सोनं. तेही १४४!

“मावशी, मग परीक्षेत काय लिहू?”

“पुस्तकातलंच लिही.”

गोम आहे सारणीच्या तळाशी, पायपुसण्यासारख्या पसरलेल्या दोन ओळींत. आमच्या बाईंनी त्या ‘वाचून घ्या’ म्हणून सोडल्या होत्या. चांदीचे प्रोटॉन ४७, सोन्याचे ७९. सोन्यापर्यंत पोचताना वाटेत या दोनांतल्या वरच्या ओळीतली मूलद्रव्यं, म्हणजे लॅन्थॅनाइड, लागतात. तिथे भरणारे इलेक्ट्रॉन असे विरळ पसरतात, की केंद्रकाला धड आडोसाच देत नाहीत. बाहेरच्यांवरची ओढ वाढतच जाते, आणि नव्या कवचाने मिळवलेलं सगळं त्यात वसूल होतं. माप सारखं, ठेवणही सारखी, म्हणून तर सोनं आणि चांदी हव्या त्या प्रमाणात एकमेकांत मिसळतात.

सराफकाकांनी वळं काट्यावर ठेवलं. नखाएवढी चकाकी. अगदी एवढंच चांदीचं वळं केलं, तर त्यात अणू जवळपास तितकेच बसतील. वजन मात्र जेमतेम निम्म्याच्या वर. मी हे आईला सांगितलं.

“अणू तेवढेच, मापही तेच,” आई काकांकडे वळली, “मग भावात एवढी तफावत का हो?”

काकांनी मान वर केली नाही.

“मजुरी वेगळी पडेल.”