तुम्ही विचारलंत म्हणून: धावपट्टी कुठे गेली?

सोसायटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघतानासुद्धा मला हाच प्रश्न आला. "काका, 'भुज: द प्राइड ऑफ इंडिया'चा हिरो विजय कर्णिक, आपला मराठी माणूस. तरी तुम्ही त्या सिनेमाला नावं ठेवता?"

ठेवतो. कर्णिकांना नाही, सिनेमाला.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षं रस्ते केले. त्यामुळे 2021 च्या ऑगस्टमध्ये तो हॉटस्टारवर आला तेव्हा जेवण लवकर उरकून बसलो होतो. गोष्ट माझ्याच धंद्यातली! डिसेंबर 1971. पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी बॉम्ब टाकून फोडली. हवाई तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर कर्णिक, आणि दुरुस्तीला हात कमी. शेजारच्या माधापर गावातून 300 बायका आल्या आणि 72 तासांत धावपट्टी विमान उतरण्याजोगी केली.

आता 72 तास म्हणजे काय ते सांगतो. बॉम्बचा खड्डा हा पावसाळ्यात पडलेला खड्डा नव्हे. कडा उचकटलेल्या असतात, भोवतालची जमीनही आतून सैल झालेली असते. वरून नुसती माती लोटली तर डोळ्याला सपाट दिसेल, पण विमानाचं चाक टेकलं की खचेल. म्हणून थर टाकायचा, दाबायचा, परत थर. शिवाय वर एक खडा सुटा राहता कामा नये, जेटचं इंजिन तो आत ओढून घेतं. आमच्याकडे रोलर, डंपर, सगळा लवाजमा असूनही अशा कामाला मी तीन दिवसांची तारीख लिहून दिली नसती. इथे बायका भोंगा वाजला की काम टाकून झुडपांत लपायच्या, धोका टळला की परत येऊन कामाला लागायच्या. वरून दिसू नये म्हणून पट्टीवर शेण फासलं, अंगावर हिरवट साड्या. शेण कसं सारवायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार.

यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे एक प्रसंग आहे, आणि तोही फुकट मिळालेला.

सिनेमानं काय केलं? सुरुवातीलाच इतके स्फोट की कोण कुठे मेलं ते कळत नाही. मग हेर झालेली नोरा फतेही, कुऱ्हाड घेऊन शत्रूंना कापत सुटलेला संजय दत्त. माधापरची सुंदरबेन पडद्यावर येते ती विळ्यानं बिबट्या मारून! अहो, बिबट्या कशाला? ती बाई घरदार सोडून बॉम्ब पडणाऱ्या जागी माती वाहायला जाणार आहे, एवढं पुरेसं नाही? शेवटी विमानाचं पुढचं चाक निकामी होतं, तर कर्णिक त्याच्या नाकाखाली ट्रक घालतात. इथे आमच्या सौ. हसल्या. मी हसलो नाही. ज्या पट्टीसाठी तीन दिवस घाम गाळला, ती विमानाचा भार पेलते की नाही, हाच शेवटचा थरार होता, आणि तो भार दिला ट्रकला.

कर्णिक झालेला अजय देवगण वाईट नाही, शरद केळकर तर नेहमीसारखा नेटका. ग्राफिक्स कच्चे आहेत, पण तेही मी चालवून घेतलं असतं. दिग्दर्शकाला घाम गाळणाऱ्या माणसाकडे बघायचा कंटाळा आहे, हे मात्र चालवून घेता येत नाही.

त्या बायकांनी पुढे सांगितलं आहे की पहिल्या दिवशी त्या उपाशीच होत्या. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून फळं आणि सुखडी, म्हणजे कणीक-गूळ-तुपाच्या गुजराती वड्या, आली. पूर्ण सिनेमाभर मी त्या सुखडीची वाट बघत होतो. शेणानं भरलेले हात, पाणी जवळ असेल-नसेल, आणि भोंगा कधी वाजेल याचा नेम नाही. त्यांनी ती खाल्ली कशी?