तुम्ही विचारलंत म्हणून: ही डुकाटी की काजीवा?

कोल्हापूरला गेलो की हमखास, आणि इथे इटलीत पेट्रोल पंपावर दोन मिनिटं थांबलो तरी, लोक मला एकच प्रश्न विचारतात. डुकाटी आणि काजीवा या दोन्ही इटलीच्या मोटारसायकल कंपन्या. माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर काजीवा लिहिलंय, चिन्ह हत्तीचं आहे, आणि खाली वाकून बघितलं तर इंजिन डुकाटीचं. मग ही नक्की कुणाची? माझा धाकटा मामा तर दर व्हिडिओ कॉलला म्हणतो, "अरे एवढे पैसे घातलेस तर सरळ डुकाटी घ्यायचीस की, ही काजीवा कुठनं काढलीस?" मामाचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, ऑइल इंजिनचे पार्ट करण्यात त्याची हयात गेली, त्यामुळे त्याला दोन वाक्यांत उत्तर देऊन भागत नाही. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

गाडी काजीवाची एलेफंट ९००, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. नोकरीमुळे मी वारेझेजवळ राहतो, आणि ही गाडी जिथे जन्माला आली ते स्किरान्ना इथून वीस मिनिटांवर आहे, तळ्याच्या अगदी काठावर. जागाच अशी आहे की एकदा गेलात की सारखं जावंसं वाटतं. माक्की कंपनी या तळ्यावर पाण्यावरून उडणारी विमानं करायची, महायुद्धानंतर त्यांनी मोटारसायकली करायला घेतल्या, मग १९६० मध्ये हार्ले डेव्हिडसनने त्या धंद्यात अर्धी भागीदारी घेतली. वॉल्टर व्हिलाने १९७४ ते १९७६ सलग तीन वर्षं २५० सीसीचं जागतिक विजेतेपद हार्लेच्या नावाच्या गाडीवर जिंकलं ना, त्या गाड्या अमेरिकेतल्या नव्हेत, वारेझेच्या. हे सांगितलं की हार्लेवाल्या मित्रांचा विश्वास बसत नाही, पण खरं आहे.

१९७८ मध्ये हार्लेने तो कारखाना विकायला काढला आणि क्लाउदिओ आणि जानफ्रांको कास्तिलियोनी या भावांनी घेतला. त्यांच्या वडिलांची बारीकसारीक धातूच्या वस्तूंची फॅक्टरी होती, तिचंच नाव काजीवा: कास्तिलियोनीचा का, जोवान्नीचा जी, वारेझेचा वा. आपल्याकडे नाही का बापलेकाच्या नावाची अक्षरं जोडून वर्कशॉपचं नाव ठेवतात, तसंच.

भावांकडे पैसा होता, कारखाना होता, १२५ सीसीच्या गाड्या धडाधड खपत होत्या, पण मोठं इंजिन नव्हतं. आणि तिकडे बोलोन्यात डुकाटी सरकारी कंपनी होऊन बसली होती, इंजिन एकापेक्षा एक भारी, पण वरच्या साहेब लोकांना मोटारसायकलीत रस उरला नव्हता. १९८३ मध्ये करार झाला की डुकाटीने काजीवाला इंजिनं द्यायची आणि स्वतःच्या नावाच्या गाड्या हळूहळू बंद करायच्या. म्हणजे मामा, तू ज्या डुकाटीचं नाव एवढ्या आदराने घेतोस ते नाव टाकीवरून पुसलं जायच्या बेतात होतं. पुढे १९८५ मध्ये कास्तिलियोनींनी अख्खी डुकाटीच विकत घेतली आणि नाव जिवंत ठेवलं, यासाठी मी त्या भावांचा कायम ऋणी राहीन. एलेफंट त्या सोयरिकीच्या पहिल्यावहिल्या लेकरांपैकी एक.

आता इंजिन. ते होतं डुकाटीचा इंजिनिअर फाबिओ तालियोनीने केलेलं, पँताह नावाचं. दोन सिलिंडर, मध्ये नव्वद अंशांचा कोन, पुढचा जवळजवळ आडवा आणि मागचा उभा. कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह हलवणारा दांडा, फिरवायला दातेरी रबरी बेल्ट, त्या काळी मोटारसायकलीत हे नवलच होतं. आणि डेस्मो. डेस्मो म्हणजे काय ते मी मामाला असं सांगितलं: नेहमीच्या इंजिनात वॉल्व्ह उघडतो कॅम आणि बंद करते स्प्रिंग, दाराला स्प्रिंग लावली की दार आपोआप मिटतं तसं. इथे स्प्रिंगच्या भरवशावर काही नाही, एक रॉकर, म्हणजे छोटा दांडा, दार ढकलून उघडतो आणि दुसरा ओढून लावतो, दोघंही कॅमच्या हुकमात. तालियोनीने हे १९५६ मध्ये १२५ च्या रेसच्या गाडीत आणलं आणि ती पहिल्याच रेसमध्ये, स्वीडनला, जिंकली. मामा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग दोन्हीकडचा गॅप सेट करायला लागत असेल." बरोब्बर. तेच तर काम आहे.

आणि ते काम मी दर हिवाळ्यात करतो म्हणून सांगतो, त्यात हाताची परीक्षा असते. बंद करणारा रॉकर ज्या शिमला, म्हणजे गॅप ठरवणाऱ्या छोट्या तुकड्याला, धरतो ती शिम वॉल्व्हच्या दांडीवर दोन अर्ध्या रिंगांनी अडकवलेली असते. नखाएवढ्या सुद्धा नाहीत, तारेचे दोन वाकवलेले तुकडे म्हणा. पहिल्या वर्षी त्यातला एक माझ्या चिमट्यातून सुटला आणि तेल खाली जायच्या भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबला, मी श्वास रोखून चुंबकाच्या काडीने उचलला. तेव्हापासून ते भोक आधी कापडाने बुजवतो, मग फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पात्या, हातात घेतो. बेल्टचा ताण बघायची जुनी युक्ती पण छान आहे, बेल्ट आणि रोलरच्या मध्ये ५ मिलिमीटरची ॲलन की सरकली पाहिजे आणि ६ ची सरकता कामा नये. कुठलंही मशीन नको.

पण रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन उचलून मातीतल्या गाडीत बसवणं म्हणजे नुसते चार बोल्ट आवळणं नव्हे. इटलीत त्या काळात पॅरिस-डकारचं, म्हणजे पॅरिसहून वाळवंट ओलांडून सेनेगलमधल्या डकारला जाणाऱ्या रॅलीचं, वेड लागलं होतं, जो तो मोठ्या टाकीची, उंच, लांब शॉकअपची गाडी मागत होता, म्हणून एलेफंट करायची ठरली. आता असं बघा, पुढचा सिलिंडर आडवा, म्हणजे इंजिन मुळातच लांबलचक. त्यात एंडुरोचं, म्हणजे मातीत चालवायच्या गाडीचं, पुढचं चाक खड्ड्यात हातभर वर येतं, त्याला यायला जागा हवी. मागे मागच्या सिलिंडरचा कार्ब्युरेटर, त्याच्याच मागे शॉकअप. सगळी गर्दी.

ज्या आजोबांकडून मी गाडी घेतली त्यांनी मला हे हाताने दाखवलं होतं. त्यांच्या शेडमध्ये उभे होतो, एका बाजूला लाकडं रचलेली, गाडीवर जुनी चादर. त्यांनी दोन्ही तळहातांचा व्ही केला, म्हणाले हे दोन सिलिंडर, आणि मला म्हणाले तुझी मूठ इथे मागे धर, हा कार्ब्युरेटर, बघ कसा आड येतो. मग त्यांनी उजवा तळहात जागच्या जागी उलटा फिरवला आणि माझी मूठ धरून आपल्या दोन हातांच्या मधोमध आणून ठेवली. बस्स. एलेफंट ६५० मध्ये मागच्या सिलिंडरचं हेड असंच १८० अंशात फिरवून बसवलंय, म्हणून दोन्ही कार्ब्युरेटर व्हीच्या पोटात आले आणि मागच्या सिलिंडरचा धूर मागून बाहेर. पुढे डुकाटीने पासो नावाच्या गाडीत हीच मांडणी ठेवली. मी आजवर दहा लेख वाचले असतील, पण त्या दोन सुरकुतलेल्या हातांनी जे कळलं ते कशानेच कळलं नाही. बाकी चौकोनी नळ्यांची फ्रेम, मागे एकच शॉकअप, हे सगळं तेव्हाच्या रिवाजाप्रमाणेच. ३५० सीसीचीही एक एलेफंट होती, कारण इटलीत ३५० च्या वर कर जबरदस्त.

सिलिंडर मात्र वाढत गेला. ६५० मध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) ८२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६१.५, मग १९८७ च्या सुमारास ७५० आली त्यात स्ट्रोक तोच ठेवून बोअर ८८, आणि शेवटी ९०० मध्ये ९२ गुणिले ६८, म्हणजे ९०४ सीसी. मामासारख्या माणसाला हे आकडेच गोष्ट सांगतात.

खरी घडण झाली ती वाळवंटात. १९८५ पासून काजीवाने डकारला गाड्या पाठवायला सुरुवात केली आणि बीएमडब्ल्यूवर १९८१ आणि १९८३ ची रॅली जिंकलेल्या यूबेर ओरिओलला आपल्याकडे आणलं. (पुढे एदी ओरिओली येईल, तो वेगळा. ओरिओल फ्रेंच, ओरिओली इटालियन.) समोर होती होंडा, १९८६ पासून त्यांच्या खास रॅलीसाठी केलेल्या एनएक्सआर गाड्या, पाण्याने थंड होणारं इंजिन. काजीवाचं इंजिन हवेवर थंड होणारं, एका सिलिंडरला दोनच वॉल्व्ह. कागदावर जोडी जमतच नाही. तरी १९८७ मध्ये ओरिओल आघाडीवर होता, होंडावरच्या सिरिल नेव्हूच्या पुढे, आणि रॅली संपायला दोन दिवस उरले होते.

शेवटून दुसऱ्या दिवशी, सेनेगलमध्ये, झाडाच्या बुंध्याला आपटून तो पडला आणि दोन्ही पायांचे घोटे मोडले. दोन्ही. तसाच तो परत गाडीवर चढला आणि वीसेक किलोमीटर चालवत त्या दिवसाच्या फिनिश लाइनपर्यंत आला. एलेफंट केवढी उंच आहे हे मला माहितीये, मी धडधाकट पायांनी सुद्धा ट्रॅफिक लाइटला टाचा टेकवू शकत नाही, आणि हा माणूस मोडक्या घोट्यांवर गिअर आणि ब्रेक दाबत वाळूतून आला. तिथे त्याला उतरवून घ्यावं लागलं. रॅली तिथेच संपली त्याच्यासाठी, नेव्हू जिंकला. आपल्याकडे म्हणतात ना हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते इतकं शब्दशः कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्याचा तेव्हाचा चेहरा मी व्हिडिओत बघितलाय, परत बघवत नाही. ओरिओलने पुढे १९९२ मध्ये कारमधून डकार जिंकली, मोटारसायकल आणि कार दोन्हीवर जिंकणारा तो पहिला. २०२१ च्या जानेवारीत तो गेला, त्या दिवशी बर्फ असूनही मी गाडी शेडमधून बाहेर काढून नुसती चालू करून उभी केली होती.

१९८८ आणि १९८९ पण होंडानेच नेली. १९८८ ला होंडावर जिंकला होता तो इटलीचाच एदी ओरिओली, आणि मग तोच काजीवाकडे आला. १९९० ची रॅली पॅरिसहून त्रिपोलीमार्गे डकारला गेली आणि ओरिओलीने ती एलेफंट ९०० वर जिंकली. होंडाची चार वर्षांची साखळी तुटली. तेच हवेवरचं इंजिन, तेच दोन वॉल्व्ह, तेच रबरी बेल्ट. मला विचाराल तर त्या इंजिनाचं साधेपणच कामी आलं. रेडिएटर नाही म्हणजे फुटायला रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज नाहीत, आणि खालच्या आरपीएमला जी ओढ आहे ती वाळूत सोन्यासारखी. पाच वर्षं हरून सुद्धा त्या लोकांनी इंजिन बदललं नाही, त्यालाच घासून पुसून मोठं करत राहिले, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९९४ मध्ये पॅरिसहून डकार आणि परत पॅरिस अशी रॅली झाली, तीही ओरिओलीने एलेफंटवरच जिंकली.

त्याच १९९० मध्ये ९०० रस्त्यावर आली, फ्युएल इंजेक्शन लावून, रॅलीच्या गाड्यांचा प्रायोजक असलेल्या लकी एक्सप्लोररच्या रंगात. माझी तीच. पुढची कहाणी थोडक्यात अशी की नव्वदच्या मध्यावर कास्तिलियोनींकडे पैसा आटला, १९९६ मध्ये डुकाटीतला हिस्सा अमेरिकन गुंतवणूकदारांना गेला, आणि एलेफंटच्या जागी ग्रान कॅनियन आली. चांगली गाडी, पण हत्ती नाही. स्किरान्नाच्या कारखान्यात आज एमव्ही अगुस्ता बनतात.

पुण्यातले मित्र आता डुकाटीची डेझर्टएक्स बघून मला फोन करतात, ती आपल्याकडे मिळतेय. २०१९ ला मिलानच्या शोमध्ये तिचा पहिला नमुना दाखवला तेव्हा तिच्या अंगावरचे रंग बघून माझ्या शेजारचे दोन साठीचे इटालियन एकमेकांचा दंड धरून उभे राहिले होते, कारण ती सरळसरळ एलेफंटची आठवण होती. घ्या, खुशाल घ्या, पहिल्या डेझर्टएक्सचं इंजिन पाण्यावरचं असलं तरी आत बेल्ट आहेत आणि डेस्मो पण आहे.

तर मामा, गाडी काजीवाच. डुकाटीचं नाव पुसलं जाणार होतं तेव्हा डुकाटीचं इंजिन अंगावर घेऊन वाळवंटात गेलेली. सध्या टाकी काढून ठेवलीये, नवे बेल्ट या आठवड्यात येतील. मे महिन्यात तू येतोयस तर मागच्या सिलिंडरचे गॅप तुझ्यासाठी राखून ठेवतो, येताना तुझं ते जुनं फिलर गेज घेऊन ये, इथल्या पात्या फार जाड वाटतात.