मारुती ८०० चा ऑइल फिल्टर निघाला, आता चेंबर

निघाला एकदाचा! मागच्या अपडेटमध्ये गाडी जॅकस्टँडवर, ऑइल निथळलेलं आणि फिल्टर जागच्या जागी, अशा अवस्थेत सोडली होती. आता तो फिल्टर समोर जुन्या पेपरवर पडलाय, तुकड्यांत का होईना. का अडकला होता तेही कळलं, आणि ते कळल्यापासून डोकं जास्तच फिरलंय.

त्या अपडेटवर तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं निदान होतं की फिल्टर गंजून बसलाय. सांगलीची गाडी म्हटल्यावर हा संशय येणारच. आमच्याकडे जुनी गाडी घेताना किलोमीटर नंतर विचारतात, आधी पुराचं विचारतात. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, त्यानंतर स्वस्तात निघालेल्या गाड्यांचा अनुभव इथं सगळ्यांना आहे. पण ही ८०० घेताना मी कार्पेट उचलून, सीटच्या रेल्सखाली बोटं घालून गाळ शोधला होता. कोरडी निघाली. तरी तुमच्या शब्दाखातर गंजतेल मारून रात्रभर ठेवलं. काडीचा फरक पडला नाही, आणि तो पडणारही नव्हता. ते पुढं येईलच.

आधी हत्यारांबद्दल. रबरी पट्ट्याचा पाना तेलकट पत्र्यावर नुसता गोल फिरतो. पट्ट्याखाली पॉलिश पेपर उलटा घातला तर पकड येते, पण माझ्या बाबतीत पकड आल्यावर पट्टाच ताणत गेला. चेन पान्याने पत्रा दाबला, फिल्टर अंडाकृती झाला. तीन नखांचा पाना रॅचेटवर चांगला चालतो, मात्र ८०० मध्ये आजूबाजूला जागाच नाही. नखं उघडायला गेलं की कशाला तरी अडतात. कप टाइप सगळ्यात भारी, पण कप तंतोतंत मापाचा हवा. ऑनलाइन सेटमधले कप 'जवळपास' मापाचे असतात आणि जवळपास मापाचा कप फक्त कडा गोल करतो. गणपती पेठेत दुकानात जुना फिल्टर हातात घेऊन जा, बसवून बघा, मगच पैसे द्या. माझा फिल्टर गाडीतच अडकलेला, त्यामुळे मला तीही सोय नव्हती.

म्हणून शेवटी स्क्रू ड्रायव्हर आरपार. हा उपाय सगळे सांगतात, पण त्यातली मेख फार कमी लोक सांगतात. फिल्टरचा डबा पातळ पत्र्याचा. आटे असतात ते इंजिनाला लागून असलेल्या जाड प्लेटला. घट्ट बसलेला फिल्टर असेल तर ड्रायव्हर पत्रा फाडत जातो आणि प्लेट ढिम्म हलत नाही. तसंच झालं. आणि एकदा भोक पडलं की परतीचा रस्ता बंद: इंजिन सुरू करून गरम करता येत नाही, सगळं ऑइल दाबाने बाहेर येईल.

मग पत्र्याची कात्री घेऊन डबाच कापून काढला. आतला कागद, स्प्रिंग, ऑइल परत वाहू नये म्हणून असलेली रबराची झडप, सगळं बाहेर. राहिली फक्त प्लेट, मधून इंजिनाचं निप्पल (फिल्टर ज्यावर फिरवून बसतो ती आट्यांची नळी) डोकावतंय आणि भोवती भोकांची रांगोळी. इथं बहुतेक जण छिन्नी लावून कडेवर ठोकतात. मला ते नको होतं. छिन्नी एकदा घसरली आणि इंजिनाच्या मशीन केलेल्या फेसवर, म्हणजे फिल्टर टेकतो त्या सपाट जागेवर, ओरखडा पडला, तर जन्मभराचं गळतं घर.

ती भोकं बघत खाली पडलेलो असतानाच डोक्यात आलं की अँगल ग्राइंडरची चाकी सोडायला दोन खुंट्यांचा पाना असतो, तसाच इथं का नको? प्लेटवर ग्रीस लावून जाड कागद दाबला, भोकांचा ठसा आला. तो ठसा घेऊन कुपवाड एमआयडीसीत एका टर्नर मामांकडे गेलो. ६ मिमीची पट्टी, मध्ये निप्पलला जागा सोडायला मोठं भोक, समोरासमोरच्या दोन भोकांच्या मापाला हाय टेन्साइल बोल्टचे तुकडे वेल्ड केलेले, आणि मागं लांब दांडा. मामांनी कागद उलटसुलट करून बघितला. "एवढ्या फिल्टरसाठी? नवी गाडी घ्या की ओ." पण वेल्डिंग असं केलं की पॉलिशच करायला नको. हेच मला आपल्या एमआयडीसीचं आवडतं, कागदावर ग्रीसचा डाग दाखवला तरी वस्तू बनवून देतात.

खुंट्या पहिल्या झटक्यात बसल्या. दांड्यावर जोर दिला तर गाडी हलली, प्लेट नाही. तेव्हा मोबाइल रिपेअरिंगवाल्या मित्राची हीट गन आणली. सांडलेलं ऑइल आधी पुसून काढलं, पेट्रोलचा वास कुठून येत नाही ना ते बघितलं, आणि प्लेटच्या कडेला सावकाश गरम हवा दिली. उघडी ज्योत इंजिनखाली नेऊ नका, कुणीही कितीही छातीठोक सांगितलं तरी. प्लेट आणि इंजिनामधल्या रिंगचं रबर मऊ झालं असावं असं वाटल्यावर पुन्हा दांडा. आधी एक 'चर्रर्र' आवाज, मग पाव फेरा, मग हाताने सुटली. तो आवाज अजून कानात आहे. शेजारचे काका कंपाउंडवरून "झालं का?" म्हणून डोकावले, त्यांना अख्खी प्लेट हातात दिली.

आता कारण. आटे चकचकीत, ऑइलने माखलेले, गंजाचा ठिपकाही नाही. नीट विचार केला तर तिथं गंज येईलच कसा, आटे रबर रिंगच्या आतल्या बाजूला असतात, कायम ऑइलमध्ये. बाहेरून मारलेलं गंजतेल रिंगच्या पलीकडे जातच नाही. फिल्टर धरून ठेवते ती रिंग. उष्णतेने कडक होते, फेसला चिकटते. आणि माझ्या रिंगला, धरा आता, करड्या रंगाचं सिलिकॉन लावलं होतं! आधीच्या मालकाने ज्या कुठल्या गॅरेजात सर्व्हिसिंग केलं, तिथल्या महाभागाने गळती होऊ नये म्हणून फिल्टर चिकटवून टाकला. बोटाने ऑइल फिरवायचं तिथं सीलंट.

इंजिनाचा फेस लाकडी पट्टीने आणि फडक्याने साफ केला, ब्लेड लावलं नाही. जुन्या रिंगचा तुकडा राहिला नाही ना ते टॉर्च मारून बघितलं, कारण दोन रिंगा एकावर एक बसल्या तर पहिल्याच फेरीत ऑइल रस्त्यावर. नवा जेन्युइन फिल्टर, रिंगला ताजं ऑइल, रिंग टेकेपर्यंत हाताने आणि तिथून पाऊण फेरा. पाना लागलाच नाही. ड्रेन प्लगला नवा वॉशर, २०डब्ल्यू-४० भरलं, स्टार्टर मारला, ऑइल प्रेशरचा दिवा लगेच विझला. हरिपूरपर्यंत जाऊन आलो, खाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी पुठ्ठा कोरडा. टॅपेटचा सकाळचा खडखडाटही कमी वाटतोय, पण तो नव्या ऑइलचा परिणाम की माझ्या मनाचा, ते आठवड्याने बघू.

इथंच थांबणार होतो. पुढचा नंबर मागच्या ड्रम ब्रेकचा होता, लायनर आणून ठेवलेत. पण हे लिहायच्या आधी जुन्या फिल्टरचा कागद उलगडून उन्हात धरला. धातूचा चुरा नाही, चुंबक फिरवलं तरी काही नाही, जीव भांड्यात पडला. मात्र घड्यांमध्ये करड्या सिलिकॉनच्या शेवया अडकल्यात. फिल्टरच्या रिंगवरचं सिलिकॉन आत सुटलं तर ते कागदातच अडकणार, कारण रिंगच्या आतली बाजू घाण ऑइलची. तिथवर ठीक. पण ज्याने फिल्टरला सिलिकॉन फासलं, त्याने चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, किती फासलं असेल? तिथून सुटलेली शेवई फिल्टरपर्यंत यायच्या आधी ऑइल पंपाच्या जाळीवर बसते. जाळी तुंबली की ऑइल प्रेशर गेलं, मग बेअरिंगं.

म्हणजे ब्रेक थांबले. आधी चेंबर उतरवून जाळी बघणार. भरलेलं ऑइल स्वच्छ टबात काढून, गाळून परत वापरेन म्हणतो, नव्या ऑइलवर हरिपूर सोडून काही झालेलं नाही. आणि हो, दोन खुंट्यांचा पाना उधार मिळेल, सांगली-मिरजेतल्या कुणाला लागला तर येऊन घेऊन जा. फक्त आधी भोकांचं माप जुळतंय का बघा.

एफ८बी, म्हणजे ८०० च्या इंजिनाचा, चेंबर ज्यांनी घरी उतरवलाय त्यांनी एवढं सांगा: सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडावा लागतो का? लागत असेल तर त्याच्या ढिबऱ्यांना मात्र गंजतेल आजच मारून ठेवतो.